तिसरा सिलिंडर नेमका कुठला? नंबर, फायरिंग ऑर्डर आणि सिलिंडरची संख्या

प्रश्न असा आहे: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं. आयडलला मिसिंग करते. स्कॅनर लावला तर पी ०३०३ हा कोड आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तो नीट पेटत नाही. पण डावीकडून मोजलं तर एक सिलिंडर तिसरा येतो, उजवीकडून मोजलं तर त्याच्या शेजारचा. कुठला धरायचा? आणि सोबत दोन शंका: फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ का, सरळ १-२-३-४ का नाही? आणि सिलिंडर जास्त म्हणजे इंजिन चांगलं, हे खरं का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण गाडी उभी आहे. ज्या टोकाला टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन आहे, अल्टरनेटर आणि एसीचा पट्टा फिरवणारी क्रँकची पुली आहे, त्या टोकाचा सिलिंडर बहुतेक गाड्यांमध्ये एक नंबर असतो. फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स ज्या टोकाला, तिथला शेवटचा. इंजिन उभं असो की आडवं, नियम तोच. गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूशी त्याचा काही संबंध नाही, कारण आडव्या इंजिनात कोणाची पुली डावीकडे येते, कोणाची उजवीकडे. जर्मनीच्या डीआयएन ७३०२१ या मानकातही हीच पद्धत आहे: जिथून ताकद बाहेर जाते त्याच्या विरुद्ध टोकापासून मोजायला सुरुवात.

मात्र "बहुतेक" हा शब्द मी मुद्दाम वापरला. रेनॉ, प्यूजो आणि सित्रोएन यांच्या अनेक इंजिनांत एक नंबर फ्लायव्हीलच्या बाजूचा असतो. जुन्या साब ९०० मध्ये तर अख्खं इंजिनच उलटं बसवलेलं होतं. टायमिंग चेन फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे, त्यामुळे एक नंबरचा सिलिंडर काचेच्या बाजूला आणि चार नंबरचा पुढे. पुढचा तो पहिला असं धरून हात घातला की तिथे चूक होणारच.

ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी पी ०३०१ दाखवत होती. मी नेहमीच्या सवयीने पट्ट्याच्या बाजूची कॉइल (प्लगला स्पार्कची वीज देणारा भाग) बदलली, प्लग बदलला, कोड पुसला. दहा मिनिटं गाडी फिरवली, पुन्हा पी ०३०१. नवी कॉइल खराब निघाली असं समजून दुसरी लावली, तरी तेच. शेवटी मॅन्युअल उघडलं. त्या इंजिनाचा एक नंबर गिअरबॉक्सच्या बाजूला होता. तिथला प्लग काढला तर पोर्सेलिनला वरपासून खालपर्यंत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेषा होती, आणि कॉइलच्या रबरी बूटमध्ये आतून त्याच जागी पांढुरका डाग. स्पार्क इलेक्ट्रोडला जाण्याऐवजी बाहेरून हेडवर उतरत होता. खराब भाग पहिल्या दिवसापासून तिथेच होता, मी फक्त चुकीच्या टोकाला शोधत होतो. तेव्हापासून अनोळखी इंजिन आलं की पाना हातात घेण्याआधी एक नंबर कुठे आहे ते पक्कं करतो.

ते पक्कं कसं करायचं हे शेवटी सांगतो. आधी फायरिंग ऑर्डर समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय नंबराला अर्थ येत नाही.

चार सिलिंडरच्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, चित्र डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांचे पिस्टन, १ आणि ४, एकाच वेळी वर येतात. मधले दोन, २ आणि ३, तेव्हा खाली असतात. अर्धा फेरा फिरला की मधले वर, टोकाचे खाली. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत एकदा जळतो. चार सिलिंडर आहेत, म्हणून दर १८० अंशांनी एक स्फोट हवा, तरच इंजिन एकसारखं फिरेल.

आता १ नंबर पेटला. अर्ध्या फेऱ्यानंतर वर कोण आलेलं असेल? २ आणि ३. म्हणजे पुढची पाळी या दोघांपैकीच एकाची. समजा ३ पेटला. आणखी अर्ध्या फेऱ्याने टोकाचे दोघं वर येतात. त्यातला १ आत्ताच जळून झालेला आहे, तो धूर बाहेर टाकून होत आलेला आहे. म्हणून पाळी ४ ची. मग उरला २. झाली १-३-४-२. सुरुवातीला ३ ऐवजी २ घेतला तर १-२-४-३ मिळते. बस, दोनच शक्यता. या क्रँकवर १-२-३-४ बसतच नाही, कारण २ आणि ३ एकत्र वर येतात, त्यांच्यात अर्ध्या फेऱ्याचं अंतर पडूच शकत नाही. एक आणि तीन जोडीने, दोन आणि चार जोडीने फिरतील असा क्रँक बनवला तर १-२-३-४ जमेल, पण मग इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने वरखाली ओढली जातील आणि ते पाळण्यासारखं डुलेल. आरशातल्यासारखा सारखा क्रँक, दोन्ही टोकं एकत्र वर आणि मधले दोघं खाली, हा त्यावरचा उपाय. फायरिंग ऑर्डर त्या उपायातून आपोआप येते. फोर्ड मॉडेल टी १-२-४-३ वर चालत होती, आजच्या बहुसंख्य गाड्या १-३-४-२ वर चालतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक गंमत सांगतो, कारण ती समजली की तुमचा गोंधळ का झाला तेही समजेल. एक कागद घ्या. १-३-४-२ लिहा. आता सिलिंडर उलट्या टोकाकडून मोजा: १ चा ४ होतो, ३ चा २, ४ चा १ आणि २ चा ३. ऑर्डर झाली ४-२-१-३. एकापासून वाचायला सुरुवात करा: १-३-४-२. तीच! दुसऱ्या टोकाकडून मोजलं तरी चार सिलिंडरची ऑर्डर बदलत नाही. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरची १-५-३-६-२-४ घेऊन करून पाहा, तिथेही तेच होतं. म्हणूनच डिस्ट्रिब्युटरच्या (एकाच जागेवरून वायरींनी पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या यंत्राच्या) काळात एखाद्याने उलटं मोजून टायमिंग मिळवलं आणि सगळ्या वायरी त्याच हिशेबाने लावल्या तरी गाडी छान चालायची. वर्षानुवर्षं उलटं मोजणारे चांगले मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यांचं काही अडलं नाही. अडायला लागलं ते स्कॅनर आल्यावर, कारण ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, तुमची मोजणी माहीत नसते, तो कंपनीची मोजणी सांगतो.

तीन आणि पाच सिलिंडरला ही सवलत नाही. तीन सिलिंडरची १-३-२ उलट्या टोकाकडून वाचली की १-२-३ होते. सुझुकीची तीन सिलिंडर इंजिनं १-३-२ वर चालतात. अशा इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या वायरी लावताना टोक चुकलं की दोन सिलिंडर चुकीच्या वेळी पेटतात, गाडी सुरू व्हायलाच मागत नाही आणि कार्बोरेटरमधून आवाज काढते. ऑडी आणि व्होल्वोच्या पाच सिलिंडरची १-२-४-५-३ उलटून १-३-५-४-२ होते. तिथेही तोच धोका.

ईसीयूला कुठला सिलिंडर मिसिंग करतोय हे कळतं कसं? प्रत्येक सिलिंडरमध्ये कोणी डोकावत नाही. फ्लायव्हीलजवळचा किंवा पुलीजवळचा क्रँक सेन्सर चाकाचे दात मोजत असतो. सिलिंडर पेटला की क्रँकला एक ढकल मिळते आणि तेवढ्या टप्प्यात तो किंचित वेगाने फिरतो. एखादा पेटला नाही तर तो १८० अंशांचा टप्पा पार करायला जरा जास्त वेळ लागतो. वरच्या आरपीएमला हा फरक हाताला जाणवतही नाही, पण सेन्सरला जाणवतो. अर्थात क्रँक एकटा १ आणि ४ यांत फरक करू शकत नाही, कारण दोघं एकत्र वर येतात. ते काम कॅम सेन्सरचं, जो दोन फेऱ्यांत एकदा खूण देतो. या दोघांचा मेळ घालून, आणि मेमरीतल्या फायरिंग ऑर्डरशी ताडून, ईसीयू म्हणतो "तिसरा". पी ०३०१ पासून पुढच्या कोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे सिलिंडर नंबर. बारा सिलिंडरच्या गाडीत पी ०३१२ पर्यंत जातात. पी ०३०० आला तर ठरावीक सिलिंडर नाही, कधी हा कधी तो. तेव्हा एकेका प्लगच्या मागे लागू नका, इंधनाचं प्रेशर, हवेची गळती अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी बघा.

जोड्यांचं ज्ञान इथेही उपयोगी पडतं. बऱ्याच गाड्यांत चार सिलिंडरला दोनच कॉइल असतात. एक कॉइल १ आणि ४ ला एकदम स्पार्क देते, दुसरी २ आणि ३ ला. जोडीतल्या एकात मिश्रण दाबलेलं असतं, तिथे स्पार्क कामाला येतो. दुसऱ्यात धूर बाहेर जात असतो, तिथे तो वाया जातो. अशा गाडीत १ आणि ४ दोन्हीचे कोड एकत्र आले तर प्लग काढायच्या आधी कॉइल बघा, दोन प्लग एकाच दिवशी मरत नाहीत. उलट १ आणि २, किंवा ३ आणि ४ असे शेजारी-शेजारी, पण वेगवेगळ्या कॉइलवरचे दोघं मिसिंग करत असतील तर मला लगेच हेड गॅस्केटची शंका येते. दोन सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी जळून दोघांचं कॉम्प्रेशन एकमेकांत फुटत असतं. २ आणि ३ एकत्र आले तर मात्र कॉइल की गॅस्केट हे कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय सांगता येत नाही.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याचं काम, करणाऱ्यांना या जोड्या तोंडपाठ असतात, भले त्यांनी असा विचार केलेला नसो. चार सिलिंडरची बेरीज पाच. १ चे टॅपेट भरायचे तर ४ कडे बघायचं. पुली हळूहळू फिरवत राहायचं आणि ४ चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर येता येता इनलेट खाली जायला लागला, दोघं तराजूच्या पारड्यांसारखे झुलायला लागले, की थांबायचं. त्या क्षणी १ बरोबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, रॉकरला बोटाने हलवलं की तो टकटक वाजतो, फिलर गेज सरळ आत जातो. अर्धा फेरा फिरवा, आता २ झुलेल, ३ भरा. मग १ झुलेल, ४ भरा. मग ३ झुलेल, २ भरा. ज्या क्रमाने भरत गेलात तीच फायरिंग ऑर्डर. सरळ सहा सिलिंडरला बेरीज सात: १-६, ५-२, ३-४. टायमिंगची खूण पुसली गेली असली तरी या रीतीने काम अडत नाही.

व्ही इंजिनाकडे वळतो. खरा गुंता इथे आहे, आणि फायरिंग ऑर्डर नंबरांच्या नकाशाशिवाय निरर्थक कशी असते ते इथेच दिसतं.

व्ही आकारात सिलिंडरच्या दोन रांगा असतात, त्यांना बँक म्हणतात. नंबर देण्याच्या मुख्य पद्धती दोन. जनरल मोटर्सच्या व्ही-८ मध्ये ड्रायव्हरच्या सीटवरून पुढे तोंड करून पाहिलं तर डाव्या रांगेत १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८. म्हणजे आळीपाळीने. फोर्डच्या व्ही-८ मध्ये उजवी रांग पुढून मागे १, २, ३, ४ आणि डावी ५, ६, ७, ८. म्हणजे आधी एक रांग संपवायची, मग दुसरी.

आता शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉकची ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, आणि फोर्ड ३०२ ची १-५-४-२-६-३-७-८. बघायला दोन पूर्ण वेगळी इंजिनं. पण शेव्हरोलेचा प्रत्येक नंबर त्याच जागेवरच्या फोर्डच्या नंबराने बदलून बघा. शेव्हरोलेचा १ म्हणजे डावा पुढचा, तो फोर्डमध्ये ५. शेव्हरोलेचा ८ म्हणजे उजवा सगळ्यात मागचा, फोर्डमध्ये ४. मग शेव्हरोलेचा ४ तो फोर्डचा २, ३ तो ६, ६ तो ३, ५ तो ७, ७ तो ८, आणि २ तो १. लागोपाठ लिहिलं तर ५-४-२-६-३-७-८-१. एकापासून वाचा: १-५-४-२-६-३-७-८. फोर्ड ३०२ ची ऑर्डर! दोन कंपन्यांच्या इंजिनात ठिणगी अगदी त्याच जागांवरून, त्याच क्रमाने फिरते आहे, फक्त घरांवरचे नंबर वेगळे. पुढच्या पिढीत जीएमच्या एलएस इंजिनात १-८-७-२-६-५-४-३ झाली, आणि ती फोर्डच्या नंबरांत मांडली की १-३-७-२-६-५-४-८ येते, जी फोर्ड ३५१ विंडसरची आहे. मला हे पहिल्यांदा कागदावर जमलं तेव्हा खूप आनंद झाला होता. तोवर मी हे आकडे नुसते पाठ करत होतो.

व्ही-६ मध्येही असंच. टोयोटा आणि निस्सानच्या व्ही-६ ची ऑर्डर १-२-३-४-५-६ असते, होंडाच्या व्ही-६ ची १-४-२-५-३-६. ऐकायला दोन टोकं, पण टोयोटा-निस्सान एका रांगेला विषम आणि दुसरीला सम नंबर देतात, तर होंडा एका रांगेला १-२-३ आणि दुसरीला ४-५-६. दोन्हीकडे प्रत्यक्षात ठिणगी या रांगेतून त्या रांगेत उडी मारत पुढून मागे जाते. त्यामुळे कोणी नुसती ऑर्डर विचारली तर मी आधी विचारतो, नंबर कसे आहेत?

एक नंबर कुठल्या रांगेत, याची एक शारीरिक खूण बहुतेक व्ही इंजिनांत सापडते. समोरासमोरच्या दोन पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर शेजारी-शेजारी बसतात. त्यामुळे एक रांग दुसरीपेक्षा रॉडच्या जाडीइतकी पुढे सरकलेली असते. वरून नीट पाहिलं तर हेडच्या कडांमध्ये तो फरक दिसतो. सहसा जी रांग पुढे तिच्यात एक नंबर. वरच्या उदाहरणात जीएमची डावी रांग पुढे, फोर्डची उजवी.

स्कॅनरवर "बँक १" आणि "बँक २" येतं तेही यावरच ठरतं. ज्या रांगेत एक नंबरचा सिलिंडर ती बँक १, मग ती डावी असो की उजवी. पी ०१७१ म्हणजे बँक १ मध्ये पेट्रोल कमी पडतंय, पी ०१७४ म्हणजे बँक २ मध्ये. आडव्या बसवलेल्या व्ही-६ मध्ये बँक १ बऱ्याचदा फायरवॉलकडची, हात न पोहोचणारी बाजू असते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर सोपा दिसतो म्हणून बदलायचा आणि कोड तसाच राहायचा, हे फार वेळा होतं.

झोपलेल्या, म्हणजे बॉक्सर इंजिनांबद्दल थोडक्यात. सुबारूत उजवीकडे १ आणि ३, डावीकडे २ आणि ४, ऑर्डर १-३-२-४. फोक्सवॅगन बीटलमध्ये १-४-३-२. पोर्श ९११ मध्ये १-६-२-४-३-५. ही वेगळी असली तरी तत्त्व तेच, क्रँक जसा तशी ऑर्डर.

एकाच क्रँकवर दोन-तीन ऑर्डर शक्य असतील तर निवड कशी होते? एक कारण म्हणजे शेजारच्या सिलिंडरना लागोपाठ पेटू न देणं. सरळ सहाची १-५-३-६-२-४ नीट वाचा, कुठेही शेजारचे दोन नंबर लागोपाठ येत नाहीत. त्यामुळे क्रँकवरचा भार आणि उष्णता पसरते, आणि एक सिलिंडर शेजाऱ्याची हवा ओढून घेत नाही. चारमध्ये हे टाळता येत नाही, ३ नंतर ४ आणि २ नंतर १ येणारच. म्हणून चांगल्या टर्बो इंजिनात एक्झॉस्टचे दोन वेगळे मार्ग करतात, एकात १ आणि ४, दुसऱ्यात २ आणि ३. मग एका मार्गातल्या दोन ढकलींमध्ये पूर्ण एक फेऱ्याचं अंतर राहतं आणि एकाचा धूर दुसऱ्याला अडवत नाही. स्मॉल ब्लॉक शेव्हरोलेत ५ आणि ७ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या प्लग वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर ५ च्या स्पार्कने ७ च्या वायरीत वीज उमटते आणि ७ वेळेच्या ९० अंश आधी पेटू शकतो. म्हणून त्या दोन वायरी अंतर ठेवून किंवा एकमेकींना ओलांडून नेतात. नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून सगळ्या वायरी एका टायने बांधणं तिथे घातक.

व्ही-८ चा तो घरघरता, अडखळल्यासारखा आवाजही ऑर्डरमधूनच येतो. १-८-४-३-६-५-७-२ यात डावी-उजवी मांडली तर डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी अशी होते. ९० अंशांवर पिन असलेल्या क्रँकमुळे मधूनच एका रांगेत दोन स्फोट लागोपाठ होतात, म्हणून प्रत्येक सायलेन्सरचा ताल विषम. फेरारीच्या व्ही-८ चा क्रँक सपाट असतो, चार सिलिंडरसारखा. तिथे डावी-उजवी काटेकोर आळीपाळीने, म्हणून आवाज उंच आणि चिरत जाणारा.

आता सिलिंडर जास्त म्हणजे चांगलं का. ७२० ला सिलिंडरच्या संख्येने भागा: तीनला २४०, चारला १८०, पाचला १४४, सहाला १२०, आठला ९०, बाराला ६० अंश. पिस्टनची ढकल पूर्ण १८० अंश टिकत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याआधीच उघडायला लागतो. म्हणून चार सिलिंडरमध्ये दोन ढकलींच्या मध्ये थोडी पोकळी राहते आणि ती फ्लायव्हील भरून काढतं. सहाला आधीची ढकल संपण्याआधी पुढची सुरू झालेली असते. गाडी सुरू आहे का हे विचारावं लागतं असं लोक म्हणतात, ते या इंजिनांबद्दल.

पण ढकलींचं अंतर आणि इंजिनाचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर आणि दोन खाली, म्हणजे तोल पूर्ण सांभाळला जायला हवा, नाही का? नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे क्रँक वरून ९० अंश फिरला की पिस्टन अर्ध्यापेक्षा जास्त खाली आलेला असतो. वरच्या अर्ध्यात पिस्टन जास्त जोराने झटका देतो, खालच्या अर्ध्यात कमी. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या जोड्यांचे झटके एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत, आणि उरलेला झटका क्रँकच्या दुप्पट वेगाने बसतो. ३,००० आरपीएमला मिनिटाला ६,००० वेळा. मोठ्या चार सिलिंडरच्या स्टिअरिंगला हाताला येणारी झिणझिण ती हीच. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी यावर दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट सुचवले, आणि १९७० च्या दशकात मित्सुबिशीने ते गाड्यांत रुळवले. सरळ सहा सिलिंडरला यातलं काही लागत नाही. त्याचे दोन्ही प्रकारचे झटके आपसात खोडले जातात. माझ्या मते आजवर बनलेल्या इंजिनांत तोलाच्या बाबतीत त्याला तोड नाही, आणि व्ही-१२ म्हणजे अशी दोन सहा एकत्र.

मग सगळ्यांना सहा का देत नाहीत? एका सिलिंडरला साधारण ५०० सीसी हे माप पेट्रोल इंजिनाला फार मानवतं. फार मोठा केला तर ज्योतीला कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. फार छोटा केला तर आतल्या वायूच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता त्या खातात, शिवाय रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांचं घर्षण संख्येने वाढतं. बीएमडब्ल्यूची आधुनिक मालिका पाहा: १.५ लिटरला तीन सिलिंडर, २ लिटरला चार, ३ लिटरला सहा. म्हणजे सिलिंडर तोच, गरजेप्रमाणे संख्या वेगळी. एक लिटरच्या इंजिनात सहा सिलिंडर बसवले तर ते गोड फिरेल, पण पेट्रोल जास्त पिईल आणि खालच्या आरपीएमला ओढणार नाही. तीन सिलिंडरचा दोष, टोकं डोलण्याचा, आता बॅलन्स शाफ्टने किंवा फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टसारखं फ्लायव्हील आणि पुलीचं वजन मुद्दाम असमान ठेवून बराच आटोक्यात आणतात. त्यामुळे गाडी घेताना सिलिंडर मोजण्यापेक्षा ती चालवून बघा.

आता तुमच्या गाडीकडे. मॅन्युअल मिळालं तर प्रश्न संपला. कधी इनटेक मॅनिफोल्डवर किंवा हेडवर कास्टिंगमध्येच आकडे किंवा ऑर्डर उमटवलेली असते, टॉर्च मारून बघा. नाहीतर इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये असलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात मी असं करतो: इग्निशन बंद करून पट्ट्याच्या बाजूच्या टोकाच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढतो, गाडी काही सेकंद सुरू करतो आणि स्कॅनर बघतो. पी ०२०१ आला तर ते टोक एक नंबरचं, पी ०२०४ आला तर मोजणी उलटी आहे. कॉइलऐवजी इंजेक्टर काढण्याचं कारण असं की त्या सिलिंडरला पेट्रोलच जात नाही, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत आणि डिझेलमध्ये हा प्रयोग करू नका. तिथे इंजेक्टरच्या कनेक्टरला व्होल्टेज जास्त असतं.

टोक कळलं की काहीही काढण्याआधी चारही कॉइलवर मार्करने नंबर लिहा (तुमच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे असं धरतो). मग खऱ्या ३ ची कॉइल १ वर आणि १ ची ३ वर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी ०३०१ आला तर कॉइल बदला. पी ०३०३ कायम राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही कायम राहिला तर इंजेक्टर, आणि शेवटी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. ३ चं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी निघालं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा गेल्यात, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये किंवा गॅस्केट गेलंय, आणि मग हेड उतरवावं लागेल.